शिक्का न बसलेली तीस पुस्तकं

टेपताई पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आल्या त्या पुस्तकासाठी नव्हे, पडद्यांचं माप घ्यायला. दुपारी वाचनकक्षाच्या खिडक्यांतून ऊन थेट टेबलांवर यायचं आणि वर्तमानपत्र वाचणारी मंडळी उन्हाला चुकवत खुर्च्या सरकवायची. चार वाजेपर्यंत सगळे दारापाशी जमलेले असत. म्हणून पडदे करायचे ठरलं होतं.

मी तेव्हा देवघेवीच्या खिडकीवर बसायचो. पुस्तक बाहेर निघालं की त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या पट्टीवर तारखेचा शिक्का मारायचा, हे माझं काम. एकोणतीस वर्षं मी तेच केलं. लिहिण्याचा मला सराव नाही, पण टेपताईंबद्दल कुणीतरी लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं. दुसरं कुणी लिहीना, म्हणून मी बसलो. यात काही चुकलं असेल तर ते माझं समजावं.

त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. त्या त्याला कारखाना म्हणत. पाच मशिनं, एक कापायचं लांब टेबल, एक इस्त्री. दवाखान्याचे रुग्णांचे गाऊन, उशांचे अभ्रे, चादरी असं काम. गळ्यात मापाची टेप इतकी कायमची की ती काढलेली असली तर ओळखीची माणसंही दोनदा बघत. चेहरा शांत. बोलणं कमी, पण जे बोलत ते कापून ठेवल्यासारखं नेमकं.

त्या दिवशी खिडकीचं माप घेता घेता त्या एका कपाटापाशी थांबल्या. तिथे मोठ्या अक्षरांची पुस्तकं होती. वयस्कर वाचकांसाठी घेतलेली.

"ही कोण नेतं?" त्यांनी मला विचारलं.

"नजर अधू झालेली माणसं."

"नेतात?"

मी जरा चाचरलो. नेत नसत. अधू नजरेच्या माणसांना आपली नजर अधू झाली आहे हे मान्य नसे. ती बारीक टायपाचंच पुस्तक नेत आणि न वाचता परत आणत.

टेपताईंनी एक पुस्तक काढलं, उघडलं आणि माझ्याकडे तोंड करून धरलं. म्हणजे त्यांच्या बाजूने ते उलटं होतं. आणि त्या सावकाश वाचायला लागल्या. दोन ओळी वाचून त्यांनी ते मिटलं.

मी बघतच राहिलो. त्यांच्या ते लक्षात आलं. "मला सुलटं जरा हळू येतं," त्या म्हणाल्या.

ती हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. लहानपणी त्यांना शाळेत कुणी घातलं नाही. आकडे धंद्यानं शिकवले; अक्षरं राहून गेली. गिऱ्हाइकांची नावं त्या वहीत चित्रांनी लिहीत: चष्मेवाल्यांसाठी दोन गोल, ठेंगण्या बाईंसाठी आखूड रेघ. त्यांची चाळिशी उलटल्यावर मुलगी शाळेत जायला लागली. ती मशिनच्या पलीकडे बसून अभ्यास करायची, कारण दिवा तिथेच होता. टेपताई अलीकडून शिवता शिवता बघायच्या. मुलगी बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि आईला ती अक्षरं डोक्यावर उभी राहिलेली दिसायची. तशीच त्या शिकल्या. पुढे सुलटं वाचायला सहा महिने वेगळे घालवावे लागले. "आतली बाजू बाहेर ठेवून सदरा शिवला होता, तो मग पालथा करून घेतला," असं त्या म्हणायच्या.

आपल्याला आलं, तर कारखान्यातल्या बायकांना का येऊ नये, हे त्यांच्या डोक्यात बसलं. दुपारी जेवणानंतर पाऊण तास मशिनं बंद ठेवून त्या चौघींना शिकवायला लागल्या. शिकणारीच्या समोर बसायचं, म्हणजे पुस्तक तिच्याकडे सुलटं आणि यांच्याकडे उलटं. त्यांना तेच सोयीचं होतं. अडचण एकच होती. मुलीच्या शाळेनं दिलेली पुस्तकं पोरांची होती.

"आमच्यात एक आहे, काजं करते. तिला नातवंडं आहेत," त्या मला म्हणाल्या. "तिला मी 'ससा पळाला, ससा झोपला' वाचायला लावते. परवा तिनं पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, ताई, माझी हाडं झिजली शिवून शिवून, आणि मी सशाची काळजी करत बसू? आता हातच लावत नाही."

"मग?"

"मग अक्षर पोरांचं पाहिजे आणि मजकूर मोठ्यांचा. तो या कपाटात आहे."

मी त्यांना ग्रंथपालबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे दार दाखवून मागे उभा राहिलो. ग्रंथपालबाई सरळ आणि कडक. पण टेपताईंनी काही मागितलंच नाही. त्यांनी सौदा मांडला. वाचनालयात शिवण उसवलेल्या पुस्तकांचे ढीग होते आणि ती शिवायला माणूस नव्हता. कारखान्यात हात होते, दोरा होता, पुस्तकं नव्हती. दवाखान्यात रुग्णांसाठी एक फळी होती, तिथंही मोठ्या अक्षरांची पुस्तकं धूळ खात होती, आणि दवाखान्याच्या मेट्रन टेपताईंना कामामुळे ओळखत होत्या. पंधरा दिवसांत तिन्ही ठिकाणची बोलणी झाली. वाचनालयाची बारा पुस्तकं आणि दवाखान्याची अठरा, अशी तीस पुस्तकं आमच्या नोंदीवर घेऊन एका लोखंडी कपाटात कारखान्यात ठेवायची. त्या बदल्यात कारखान्यानं महिन्याला दोन गठ्ठे पुस्तकं शिवून द्यायची.

ग्रंथपालबाईंनी अट घातली. "वर्षानं आम्ही पुस्तकं तपासू. वापर झालेला दिसला नाही तर कपाट परत. वृद्धनिवासानंही हीच पुस्तकं मागितली आहेत, त्यांना मी थांबवून ठेवलंय."

"तपासा," टेपताई म्हणाल्या. तपासणीला त्या कधी भीत नसत.

दर गुरुवारी दुपारी कारखान्यात जाऊन पुस्तकांची नोंद करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी शिक्का आणि शाईचा डबा घेऊन जायचो. टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडायचो, शिक्क्यावरची तारीख फिरवून बसायचो. बायका खाली मान घालून मशिनं चालवायच्या. कुणी उठायचं नाही. कपाटात तीस पुस्तकं ओळीनं उभी, पुसलेली, जणू आत्ताच आणलेली. मी मोजायचो, तीस भरायची. टेपताई चहा द्यायच्या. चहा पिऊन मी डबा बंद करून निघायचो. महिन्याच्या अहवालात लिहायचो: देवघेव शून्य.

एकदा तरी विचारायला हवं होतं. पण बायकांच्या जागी एकटा पुरुष, त्यात माझा स्वभाव असा. वाटायचं, त्यांना वाचावंसं वाटत नसेल, आपण विचारून कशाला ओशाळवायचं. बावन्न गुरुवार मी मूग गिळून चहा प्यायलो.

वर्ष झालं आणि ग्रंथपालबाई स्वतः आल्या. बरोबर मी आणि हातगाडी. अहवाल त्यांच्या पिशवीत होते.

कारखाना त्या दिवशी झाडूनपुसून लख्ख केला होता. चौघी जणी उभ्या होत्या. काजं करणाऱ्या आजी, शेजारशेजारच्या मशिनवर बसून दिवसभर एकमेकींना टोमणे मारणाऱ्या दोघी जावा आणि इस्त्रीवाली. टेपताईंनी स्वतः कपाट उघडलं. ग्रंथपालबाईंनी एकेक पुस्तक काढून शेवटचं पान बघायला सुरुवात केली. कोरी पट्टी. दुसरंही कोरं. दहा झाल्यावर त्या थांबल्या.

"एकही शिक्का नाही."

"एकही नाही," टेपताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "तीसपैकी तीस."

ग्रंथपालबाईंना ती थट्टा वाटली असावी. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "मग आम्ही ही घेऊन जातो."

"का?"

"कुणी वाचली नाहीत म्हणून."

धाकटी जाऊ म्हणाली, "असं कोण म्हणतं?"

"पट्टी म्हणते. पुस्तक कुणी नेलं की शिक्का बसतो. वर्षात एकदाही बसला नाही."

 टेपताई मागच्या फळीपाशी गेल्या आणि एक गाऊन घेऊन आल्या. टेबलावर पसरून त्यांनी त्याची खालची दुमड उलटी केली. तिथे जांभळ्या शाईत तारखेचा शिक्का होता. आमच्यासारखाच.

"दवाखान्याचा तपासनीस हा मारतो," त्या म्हणाल्या. "शिवण वाकडी असली की शिक्का आणि माल परत. ज्या बाईच्या हातचा गाऊन, तिला महिनाभर बाकीच्या ऐकवतात. चार वर्षांत आम्हाला असे दोन शिक्के बसलेत."

"दोन्ही थोरलीचे," धाकटी जाऊ पुटपुटली.

"एक," थोरली म्हणाली. "दुसऱ्या वेळी दोरा तू भरला होतास."

टेपताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. "आणि हे काका दर गुरुवारी तसाच डबा उघडून बसायचे. आम्हाला वाटलं, डाग बघायला येतात. पान दुमडलंय का, तेल लागलंय का. म्हणून मी नियमच केला. बुधवारी संध्याकाळी सगळी पुस्तकं घरून परत आणायची, पुसायची, ओळीत लावायची. शुक्रवारी पुन्हा न्यायची."

"काका दिसायला गरीब," इस्त्रीवाली म्हणाली, "पण शाई बघितली की हातातली इस्त्री जागीच थांबायची. आम्ही यांना शिक्केकाकाच म्हणतो."

मी हातगाडीच्या चाकाकडे बघत राहिलो. वर्षभर त्या मला भीत होत्या आणि मी त्यांना. एवढं बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मी बोललो नव्हतो. तिथल्या तिथे मी ग्रंथपालबाईंना म्हणालो, "चूक माझी आहे. मी विचारलं नाही." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

ग्रंथपालबाईंच्या ओठांच्या कडेला हसू येऊन गेलं, पण त्यांनी ते आवरलं. "तुम्ही सांगता ते खरंही असेल. पण समितीपुढे मी काय ठेवू? हा गाऊन? वृद्धनिवासाचा अर्ज कागदावर आहे. तुमचं वाचन कागदावर नाही."

मला वाटलं, टेपताई आता गयावया करतील. त्यांनी एवढंच म्हटलं, "बरोबर आहे. न्या." आणि स्वतःच पुस्तकं कापडात बांधायला घेतली. माल परत जाताना करतात तसं, कोपरे जुळवून. पण त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. पुस्तकं गेली की पुन्हा ससा, आणि सशाला हात लावायला आजी तयार नव्हत्या. दोन पावलं पुढे आलेला वर्ग तिथेच बसणार हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

एकोणतीस पुस्तकं बांधून झाली. तिसावं आजींच्या हातात होतं.

"आजी, द्या."

"माझी चार पानं राहिलीत."

"आजी."

"चारच आहेत. एवढं वाचून देते. मला त्या बाईचं काय झालं ते कळल्याशिवाय मी देणार नाही, मग कुणाला बोलवायचं त्याला बोलवा."

ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं. त्या नेहमी घाईत असत. पण आजींनी तोवर स्टूल ओढलं होतं आणि टेपताई नेहमीच्या सवयीनं त्यांच्या समोर, पुस्तकाच्या उलट्या बाजूला बसल्या होत्या. आजी बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या.

गोष्ट नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची होती. तिचा भाऊ बऱ्याच वर्षांनी परत आला होता आणि नाव विकून टाक म्हणत होता. आजी एकेका शब्दावर थांबत. जोडाक्षर आलं की सुईत दोरा ओवावा तसे डोळे बारीक करत. एका शब्दावर त्या फार वेळ अडल्या. 'निश्चय' असा तो शब्द होता. ग्रंथपालबाईंनी न राहवून तोंड उघडलं. "निश्—"

"बाई," टेपताई हळूच म्हणाल्या. "तिचं तिला येऊ द्या. तिला हवं असेल तर ती बोट वर करेल. मागितल्याशिवाय सांगायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे."

ग्रंथपालबाई गप्प बसल्या. म्हणजे खरोखरच बसल्या. इस्त्रीवालीनं खुर्ची सरकवली होती. आजींनी बोट वर केलं नाही. तीनदा मागे गेल्या, ओठ हलवले आणि तो शब्द काढला. मग पूर्ण वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, अर्थ लागावा म्हणून.

चार पानांना चाळीस मिनिटं लागली. शेवटी ती बाई नाव विकत नाही, भावालाच वल्हं देते. आजींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "बरं केलं."

"काय बरं केलं?" थोरली जाऊ म्हणाली. "ज्यानं आयुष्यात एक दोर बांधला नाही त्याच्या हातात नाव? उद्या बुडवेल."

"तिनं शिकवलं तर नाही बुडवणार," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना तुमच्यासारखं आयतं येत नसतं."

"मला आयतं? माझं मशिन मी स्वतः उघडून शिकलेय, तुझ्यासारखी—"

"आईचं वचन होतं ना पण," इस्त्रीवाली मध्येच म्हणाली. "ते आधीच्या पानांत आहे. तुम्ही दोघी भांडायच्या नादात विसरता."

ग्रंथपालबाई एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. "कसलं वचन?" त्यांनी विचारलं. "आणि भाऊ गेला होता कशासाठी?"

चौघी एकदम त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही नाही वाचलेलं?" आजींनी विचारलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ग्रंथपाल म्हणजे सगळं वाचलेलं माणूस.

"नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग आम्ही सांगणार नाही," धाकटी म्हणाली. "वाचा की. अक्षर मोठं आहे."

यावर मात्र त्यांना हसू आवरलं नाही. त्यांनी पिशवीतून माझे बारा अहवाल काढले, चाळले, परत ठेवले. मग म्हणाल्या, "समितीला मी असं सांगेन. पंधरा पुस्तकं वृद्धनिवासात, पंधरा इथं. दर दोन महिन्यांनी अदलाबदल. म्हणजे तीसच्या तीस दोन्हीकडे फिरतील. पण यापुढे प्रत्येकीचं स्वतःचं कार्ड असेल आणि पुस्तक नेलं की शिक्का बसेल. तीन महिन्यांनी मी पुन्हा येईन. तेव्हा पट्ट्या कोऱ्या दिसल्या तर माझा इलाज नाही."

"कोऱ्या दिसणार नाहीत," टेपताई म्हणाल्या.

कार्डांचे अर्ज पिशवीतच होते. पाचही जणींनी ते टेबलावर भरले. आजींनी आपलं नाव लिहायला बराच वेळ घेतला आणि मग ते सगळ्यांना दाखवलं. टेपताईंचं पेन मात्र एका रकान्यापाशी अडलं. वर लिहिलं होतं: शिक्षण. त्यांनी मला विचारलं, "इथं काय लिहू? शाळेत तर गेले नाही."

मी म्हणालो, "रिकामं ठेवलं तरी चालतं."

त्यांना ते पसंत पडलं नाही. कापडाला कात्री लावायच्या आधी करायच्या तसा जरा विचार केला आणि लिहिलं: सुरू आहे.

मग वृद्धनिवासाला द्यायची पंधरा निवडायची वेळ आली. ती निवड टेपताईंनी केली आणि त्यावरून खरं भांडण झालं. कारण त्यांनी चौघींना सगळ्यात आवडलेली पुस्तकं बाजूला काढली. नावेवाल्या बाईचं पुस्तक सगळ्यात वर.

"ते का?" आजी म्हणाल्या. "मी ते पुन्हा वाचणार होते."

"दोन महिन्यांनी परत येईल."

"तोवर? ती रटाळ द्या ना त्यांना. ते बागकामाचं द्या."

"न आवडलेलं दुसऱ्याला द्यायचं का? तुम्ही डागाळलेला अभ्रा दवाखान्याला पाठवता का?"

"ताई, तुमचं हे नेहमीचं आहे," आजी म्हणाल्या आणि काजं करायला निघून गेल्या. नंतर दोन दिवस त्या टेपताईंशी कामापुरतंच बोलल्या, असं मला इस्त्रीवालीनं सांगितलं.

ग्रंथपालबाई वाचनालयात परतल्या. मी गाडी घेऊन वृद्धनिवासाकडे निघालो, आणि टेपताईही बरोबर आल्या. रस्ता चढाचा होता. त्यांनी एका बाजूनं गाडीला हात लावला होता. चढ संपत आला तशा त्या म्हणाल्या, "काका, वृद्धनिवासात वाचता न येणारं कुणी असेल का हो?"

"असेलच. चार-पाच तरी."

"आणि येत असून आता दिसत नाही असं?"

"तेही असतील."

त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली. "गुरुवारी तुम्ही आमच्याकडे येता. मंगळवारी मशिनं तशीही कमी चालतात."

फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक काढून घेतलं आणि आत गेल्या. व्हरांड्यात एक आजोबा खुर्चीत बसले होते. टेपताईंनी समोर दुसरी खुर्ची ओढली, पुस्तक त्यांच्याकडे सुलटं करून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही वाचता की मी वाचू?"

त्या अकरा वर्षं मंगळवारी तिथे गेल्या. इकडे, ठरल्याप्रमाणे तीनच महिन्यांनी ग्रंथपालबाई कारखान्यात आल्या तेव्हा नावेवाल्या बाईचं पुस्तक त्यांना बघायलाच मिळालं नाही. ते आजींनी घरी नेलं होतं, आणि त्यांच्यामागे बाकीच्या चौघींनी नंबर लावलेला होता.